पिंपाची वासना

मराठीच्या प्राध्यापकांकडे लोक साधारणपणे तीन कारणांसाठी येतात. लग्नपत्रिकेतले शुद्धलेखन तपासून घेण्यासाठी, सत्काराचे मानपत्र लिहून घेण्यासाठी आणि निधनवार्तेचा मजकूर ठाकठीक करून घेण्यासाठी. वीस-बावीस वर्षांच्या अध्यापनात ही तिन्ही कामे आम्ही दोघांनी पुष्कळ केली. गेल्या दिवाळीत मात्र आमचा भाचा एका चौथ्याच कामासाठी पुण्याहून आला.

भवानी पेठेतल्या घरी दुपारची सामसूम होती. अम्मा आत झोपली आहे याची खात्री करून घेऊन त्याने पिशवीतून चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेली एक बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. काळसर तपकिरी काच, तोंडावर मेणाचा थर, पुढे एक कोरी चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने घातलेला क्रमांक. "मामा, मामी, ह्याच्या मागच्या लेबलावर मराठीत चार ओळी पायजेत. तुम्हीच लिहून द्या की."

भाचा सूक्ष्मजीवशास्त्र शिकला आणि पुण्याजवळच्या एका लहानशा बिअर-कारखान्यात लागला. त्याची आई नातेवाइकांना "अन्नप्रक्रिया उद्योगात आहे" असे सांगते. ते खोटे नाही. बाटलीतला पदार्थ म्हणजे स्ट्राँग एल जातीची बिअर, व्हिस्कीच्या रिकाम्या लाकडी पिंपांत आठ महिने ठेवलेली. सगळ्या मिळून काहीशे बाटल्याच भरल्या होत्या. ही संपली की पुन्हा हीच होणे नाही, कारण तेच पिंप पुन्हा तसेच राहत नाही, असे त्याने सांगितले. मालकांना इंग्रजी मजकुराबरोबर मराठीही हवी होती. घरात दोन-दोन मराठीचे एम. ए. असताना बाहेर कशाला विचारायचे, असा भाच्याचा सरळ हिशेब.

आम्ही तत्काळ होकार दिला. चार ओळी म्हणजे चहा होईपर्यंतचे काम. प्रत्यक्षात त्या ओळींना चार महिने लागले.

*

येथे 'आम्ही' हे संपादकीय आदरार्थी सर्वनाम नव्हे. आम्ही खरोखरच दोघे आहोत, आणि मद्याच्या बाबतीत दोन टोकांच्या घरांतून आलो आहोत. आमच्यातली एक पंढरपूर तालुक्यातल्या माळकरी घरात वाढली. त्या घरात दारू हा शब्द फक्त कीर्तनात ऐकू येई, आणि तोही दुसऱ्यांविषयी. आमच्यातला दुसरा भवानी पेठेत, यंत्रमागांच्या खडखडाटात, घरी तेलुगू आणि दारी मराठी बोलत वाढला. त्याच्या घरी दारू हा शब्द कोणी उच्चारत नसे, कारण त्याची गरज पडत नसे. संध्याकाळी दाराची कडी ज्या पद्धतीने वाजे त्यावरून सर्व कळत असे.

तेव्हा लेबल लिहायला बसलो, आणि पहिल्याच वाक्याला अडलो. हे पेय आहे, ते प्यायचे आहे, एवढे तरी म्हणावे, तर 'पिणे' हे क्रियापदच हाती लागेना. व्याकरणाच्या तासाला आपण शिकवतो की 'पिणे' सकर्मक आहे. पाणी पितो, दूध पितो, औषध पितो. परंतु कर्म काढून टाका आणि नुसते म्हणा, "तो पितो." लहान मूलही दुसरे काही समजत नाही. सकर्मक क्रियापदाचे कर्म गाळले की मराठीत एकच कर्म उरते, आणि ते कोणी उच्चारत नाही. सभ्य माणसे तर क्रियापदही बदलतात आणि "घेता का?" एवढेच विचारतात. काय घेता, हे पुन्हा अध्याहृतच.

शब्दांची टंचाई आहे असे मात्र नाही. गुत्ता, अड्डा, भट्टी, नवटाक, चपटी, खंबा, ढोसणे, झोकणे, रिचवणे, झिंगणे, तर्र होणे, बेवडा, दारुडा. हा शब्दसंग्रह किती समृद्ध आहे! पण त्याच्याकडे जरा थांबून पाहावे. यात जागा आहेत, मापे आहेत, पिण्याची घाई आहे, पिण्याचा परिणाम आहे आणि पिणाऱ्याची निंदा आहे. चव कोठेच नाही. गुणवत्तेचा एकमेव शब्द म्हणजे 'पहिल्या धारेची', आणि तोही जोर सांगतो, रुची सांगत नाही.

आम्ही आमच्या हुकमी जागी, म्हणजे नाटकांकडे गेलो. खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'त (१९१३) मद्यात कचाची राख मिसळलेली असते आणि शुक्राचार्यांना ते कळत नाही. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली रंगभूमीवर आला. सुधाकर, सिंधू आणि तळीराम आम्ही वर्षानुवर्षे वर्गात उभे केले. आता लेबलासाठी एक शब्द मिळावा म्हणून ते पुस्तक पुन्हा उघडले, तेव्हा लक्षात आले की दारूचे समर्थन आणि दारूचा सर्वनाश यांवर पानेच्या पाने असताना, सुधाकराच्या जिभेला नेमके काय लागले हे उतरवून घेण्यासारखे आम्हाला काही सापडले नाही. नाटककाराचा तो दोष नव्हे. घर जळत असताना लाकूड कोणत्या जातीचे होते हे कोण सांगत बसेल?

मागे संस्कृतात गेलो तर वेगळेच दृश्य. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्यव्यवहारासाठी सुराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे, आणि त्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे प्रकार घटकद्रव्यांसह सांगितले आहेत. यांपैकी आसव आणि अरिष्ट तर आजही औषधांच्या दुकानात मिळतात. माळकरी घराच्या फडताळात दशमूलारिष्टाची बाटली कायम असे. बाळंतिणीला आणि अशक्त म्हाताऱ्यांना ते चमचा-चमचा दिले जाई. त्यात धायटीची फुले घालतात, गूळ घालतात, तूप मुरवलेल्या भांड्यात ते महिनाभर बंद ठेवतात आणि त्यात आपोआप अल्कोहोल तयार होतो. हे आमच्यातल्या एकीला एम. ए. झाल्यावर कळले. आजीला ते सांगण्याचे धैर्य तिला कधीच झाले नाही.

कायद्याचीही हीच रीत आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा महाराष्ट्रात अजून चालू असल्यामुळे येथे मद्य बाळगण्या-पिण्यासाठी परवाना लागतो, आणि आरोग्याचे रक्षण व्हावे म्हणून तो दिला जातो, अशी त्याची भाषा आहे. म्हणजे मराठी माणसापुढे दोनच दारे. एकावर 'औषध' लिहिलेले आणि दुसऱ्यावर 'सर्वनाश'. भाच्याची बाटली या दोहोंच्या मधल्या भिंतीशी उभी होती.

*

शेवटी आम्ही त्यालाच म्हटले, आधी तू काय करतोस ते नीट सांग. मग त्याने जे सांगितले ते आम्ही विद्यार्थ्यासारखे उतरवून घेतले.

बिअरचे दोन मोठे वंश. थंडीत सावकाश आंबवतात ती लागर, आणि त्या मानाने उबेत आंबवतात ती एल. एलमध्ये धान्याचा अर्क दाट घेतला की ती जोरदार होते आणि टिकते. इंग्लंडात अशी शरद ऋतूत केलेली दाट एल महिनोन्महिने लाकडी पिंपांत ठेवण्याची पद्धत जुनी आहे. पण दुसऱ्या मद्याने भिजलेल्या पिंपात मुद्दाम बिअर ठेवण्याची आजची रीत अमेरिकेतली, १९९० च्या दशकात शिकागोच्या गूज आयलंड या कारखान्याने रूढ केलेली. तिच्यामागे कायद्याची एक गंमत आहे. बोर्बन ही अमेरिकी व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओक लाकडाच्या पिंपातच मुरवावी लागते. साहजिकच बोर्बनसाठी पिंप एकदाच उपयोगी पडते. रिकामी झालेली पिंपे मग जगभर निघतात. स्कॉटलंडला जातात, बंगळुरूच्या आणि गोव्याच्या माल्ट व्हिस्कीकडेही येतात. भाच्याच्या कारखान्याने घेतलेली चार पिंपे अशीच. आधी बोर्बन, मग काही वर्षे गोव्याची व्हिस्की आणि आता पुण्याची बिअर.

"आत काय होतं?" आम्ही विचारले.

"लाकूड श्वास घेतं, मामी. गरम झालं की बिअर लाकडात शिरते, गार झालं की परत येते. येताना रिकाम्या हातानं येत नाही."

लाकूड जाळल्यामुळे त्यातील एका घटकाचे विघटन होऊन व्हॅनिलाचा गंध देणारे द्रव्य तयार होते. ओकमधलेच दुसरे एक द्रव्य खोबऱ्याचा वास देते. फळ्यांत मुरून राहिलेली जुनी व्हिस्कीही थोडी बिअरमध्ये उतरते. आणि पिंपातून थोडा भाग सतत हवेत उडून जातो. पाश्चात्त्य लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत तो वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास असतो. गोव्यात आठ आणि बंगळुरूत दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातो. आपल्या हवेत मद्य लवकर पिकते आणि लवकर नाहीसेही होते. चारांपैकी एका पिंपात नको ते जिवाणू वाढले, बिअर आंबट झाली आणि ती सगळी ओतून द्यावी लागली, हे सांगताना त्याचा चेहरा पडला होता. परदेशात अशा एलला बारा टक्क्यांपर्यंतही नेतात, आपल्याकडे बिअरला आठच्या वर जाता येत नाही, हेही त्याने थोड्या तक्रारीच्या सुरात सांगितले.

आम्ही मधेच विचारले, हे मद्य किती मावते एका पिंपात? "दोनशे लिटर." हा आकडा भवानी पेठेत वाढलेल्या माणसाच्या कानात अडकून बसला. तो का, ते पुढे सांगू.

*

हाती दोन शब्द आले होते. एक 'पिंप'. हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत 'पिपा' म्हणजे दारू साठवण्याचे लाकडी पात्र. आपल्याकडे येता येता शब्दातली दारू सांडली आणि त्यात पाणी भरले गेले. भाच्याच्या धंद्यात उलट दिशेचेही उदाहरण आहे. पुण्यात २००९ साली 'डूलली' नावाची मायक्रोब्रुअरी निघाली, आणि आजच्या मराठी मुलखातल्या लहान बिअरभट्ट्यांच्या पिढीची सुरुवात तिच्यापासून सांगतात. डूलली म्हणजे इंग्रजीत डोके फिरलेला. तो शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तेथल्या छावणीत महिनोन्महिने पडून राहिलेल्या गोऱ्या शिपायांनी त्याला तो अर्थ दिला. आपले गाव इंग्रजीच्या पिंपात शतकभर राहिले आणि बिअरचे नाव होऊन परत आले.

दुसरा शब्द 'मुरणे'. हा मात्र अस्सल घरचा. लोणचे मुरते, मुरंबा मुरतो, पाऊस काळ्या रानात मुरतो, नट भूमिकेत मुरतो. इंग्रजीत बिअर नुसती 'वयात येते'. मराठीत ती मुरते, म्हणजे एक वस्तू दुसरीत शिरते आणि दोन्ही बदलतात. भाच्याने केलेल्या वर्णनाला यापेक्षा चपखल शब्द नाही. तरीही काहीतरी राहत होते. मुरणे ही क्रिया झाली. त्या लाकडात आधीच्या मद्याचे जे उरलेले असते, त्याला काय म्हणायचे? आठवण म्हणावे तर ते फार कवितेसारखे. अंश म्हणावे तर ते फार रसायनशास्त्रासारखे.

तो शब्द अडून राहिला आणि त्याच्याबरोबर आम्हीही. खरे सांगायचे तर शब्द हे निमित्त होते. आमच्यातल्या एकाला ही चार वाक्ये लिहायचीच नव्हती. त्याचे कारण याच पेठेत आहे.

*

८ मे १९३० रोजी, गांधीजींच्या अटकेनंतरच्या त्या तापलेल्या आठवड्यात, रूपाभवानीच्या परिसरातली शिंदीची झाडे तोडण्यासाठी सोलापूरचे लोक निघाले. दारूबंदी हा सत्याग्रहाचा भाग होता, आणि शिंदी ही आमच्या गावची दारू. पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला, शंकर शिवदारे हुतात्मा झाले. पुढे १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. हा इतिहास सोलापुरातल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. त्याची सुरुवात एका झाडावरच्या कुऱ्हाडीने झाली, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात नसते.

शिंदीचे झाड म्हणजे रानखजुराचे. त्याला शेंड्याखाली खाच पाडून मडके बांधतात. रात्रभर रस ठिबकतो. पहाटेपर्यंत तो गोड असतो, ऊन चढेल तशी त्याची शिंदी होते आणि दुसऱ्या दिवशी तिचा आंबूस शिरका होतो. एका दिवसाचे आयुष्य. तिला आंबवण्यासाठी वेगळे काही घालावे लागत नाही, कारण मडक्याच्या अंगाला कालच्या शिंदीचे किण्व चिकटलेले असते. नीरा नीराच राहावी असे वाटत असेल तर मडक्याला आतून चुना लावतात. मडक्याला कालचे विसरायला लावावे लागते.

१९३० साली बारा-तेरा वर्षांचे असलेले आजोबा दर १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी नेऊन ही झाडे तोडल्याची गोष्ट सांगत. मोठ्या अभिमानाने सांगत. आणि सांगणाऱ्या तोंडाला शिंदीचा वास येत असे. लहानपणी त्यात काही विसंगत वाटले नाही. आजोबा दिवसभर मागावर उभे राहत, संध्याकाळी शिंदी पीत, जेवत आणि झोपत. पुढच्या पिढीने हा क्रम मोडला. वडिलांच्या काळात शिंदी मागे पडली आणि हातभट्टी आली. गूळ, नवसागर, काळे फुगे. मग देशी दारूची चपटी आली. वडील १९९७ च्या श्रावणात गेले. वय एकोणपन्नास. डॉक्टरांनी यकृत म्हटले, अम्मा काहीच म्हणाली नाही. तिने विड्यांचे सूप पुढे ओढले आणि त्या आठवड्याच्या हजार विड्या पुऱ्या केल्या, कारण कारखान्यात माल देण्याचा दिवस जवळ आला होता.

तेव्हापासून त्या मुलाने दारूला स्पर्श केला नाही, आणि आपण का केला नाही हे कधी तपासलेही नाही. वर्गात 'एकच प्याला' शिकवताना त्याचा आवाज जरा जास्त चढतो, हे दुसरीच्या लक्षात आलेले आहे.

*

शेवटी फाल्गुनात भाचा पुन्हा आला आणि म्हणाला, चव घेतल्याशिवाय चवीवर कोणी लिहितं का? मुद्दा बिनतोड होता. त्याने रीतसर एका दिवसाचे परवानेही आणले होते. आरोग्याच्या रक्षणासाठी.

बाटली उघडली. तीन छोटे काचेचे पेले भरले. एवढ्यात अम्मा दारात उभी. ती दिवाळीतही झोपलेली नव्हती, हे आम्हाला तेव्हा कळले. तिने काही न बोलता एक पेला उचलला. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. तिने तो ओठांना लावला नाही, नाकाशी धरला.

येथे दोनशे लिटरचा हिशेब सांगितला पाहिजे. सोलापुरात कित्येक वर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी आले. त्यामुळे भवानी पेठेतल्या प्रत्येक घराच्या दाराशी निळी प्लास्टिकची पिंपे उभी असत, आणि ती नवी कोणी घेत नसे. रंगाचे किंवा रसायनाचे पिंप रिकामे झाले की ते विकत घ्यायचे, चिंच आणि राख लावून घासायचे, उन्हात वाळवायचे आणि पाणी भरायचे. दोनशे लिटरचे एक. कितीही घासले तरी पाण्याला पहिले काही महिने वास येई. अम्मा पिंप विकत घेताना आत डोके घालून नुसत्या वासावरून सांगे, यात आधी काय होते. रंग होता, साबणाचा माल होता, की खाण्याचे तेल होते. आयुष्यभर तंबाखूत बसूनही तिचे नाक शाबूत राहिले. आमच्या लहानपणीच्या पाण्याला ज्या कशाची चव होती, ती कोणत्या तरी कारखान्याच्या विसरलेल्या मालाची होती.

अम्माने पेला खाली ठेवला. भाच्याकडे पाहून म्हणाली, "ह्यात आधी दुसरं काही तरी होतं. पिंप नीट धुतलं नाही तुम्ही."

भाचा हर्षाने ओरडलाच. "अम्मम्मा, मुद्दामच नाही धुतलं!"

"वासन राहिलीय," ती म्हणाली.

तेलुगूत वास म्हणजे 'वासन'. संस्कृतातली 'वासना'च ती. मूळ अर्थ, एखाद्या वस्तूला सुगंधाने भारणे. मग दर्शनकारांनी तो शब्द मनाकडे नेला. पूर्वीच्या कर्माचा, पूर्वीच्या अनुभवाचा मनाला लागून राहिलेला गंध, तो वासना. मराठीत येता येता तिचा अर्थ फक्त हाव एवढा उरला. म्हणजे तेलुगूने वास ठेवला, मराठीने हाव ठेवली, आणि या दोन्हींना जोडणारा मधला अर्थ संस्कृतातच राहिला. चार महिने आम्ही ज्या शब्दासाठी कोश चाळत होतो, तो विड्या वळणाऱ्या एका बाईने पिंपाच्या संदर्भात, अगदी अचूक अर्थाने उच्चारला.

मग आम्ही प्यायलो. कर्मासह सांगतो, आम्ही एल प्यायलो. माळकरी घरातलीने ओठ ओले केले आणि म्हणाली, काकवी. मग म्हणाली, भाजलेले खोबरे. मग थोडे थांबून, तुरट. हिरड्यांना धरते, कच्च्या जांभळासारखी. म्हणजे चवीचे शब्द मराठीत नव्हते असे नव्हे. ते मद्याच्या वाटेला कधी गेले नव्हते, एवढेच. ते लोणच्याच्या बरणीशेजारी बसून होते. आणि भवानी पेठेतल्याने पंचेचाळिसाव्या वर्षी आयुष्यातला पहिला घोट घेतला. त्याला चव आवडली. आणि ती आवडल्याची भीती वाटली. त्या भीतीलाही एक वास होता, आणि तो त्याच्या फार ओळखीचा होता.

अम्माने विचारले, "लोक किती पितात हे?"

"एवढंच, अम्मम्मा. एक पेला. हे जास्त प्यायचं नसतंच."

"तुझे ताता पण पहिल्यांदा एवढंच म्हणाले होते," अम्मा म्हणाली आणि आत गेली.

*

त्या रात्री लेबल लिहून झाले. ते असे:

'ओकच्या पिंपात आठ महिने मुरलेली एल. या पिंपात आधी बोर्बन होते, नंतर गोव्याची व्हिस्की. त्यांची वासना हिच्यात उतरली आहे. चवीला काकवी, भाजके खोबरे आणि शेवटी तुरट. थोडी प्या, न प्यायलात तरी काही बिघडत नाही.'

वाचकांपैकी काहींना वाटेल की मराठीच्या अध्यापकांनी हा उद्योग करूच नये. सोलापूर जिल्ह्यातल्या तांड्यांवर हातभट्टी सोडवून लोकांना दुसरा रोजगार देण्यासाठी ग्रामीण पोलिसांनी २०२१ साली 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतले. अशा जिल्ह्यात बसून पुण्यातल्या महागड्या बाटलीचे रसग्रहण करणे हे चैनीचे वाटेल, आणि हा आक्षेप आम्ही झटकून टाकत नाही. चपटीने मेलेल्या माणसाच्या घरात बसूनच आम्ही ते लेबल लिहिले. आमचे म्हणणे इतकेच, की ज्या गोष्टीचे कर्म आपण वाक्यातून गाळतो ती घरातून जात नाही. भवानी पेठेतल्या त्या घरात पंचवीस वर्षे कोणी तो शब्द काढला नाही, आणि त्या पंचवीस वर्षांत तो रोज होता. निळ्या पिंपातल्या पाण्यासारखा. कशाचा वास आहे हे नाव घेऊन सांगणारे एक नाक घरात असते, तर कदाचित काही वेगळे झाले असते. कदाचित झालेही नसते. निदान पुढच्या पिढीतल्या एकाला आपला व्यवसाय 'अन्नप्रक्रिया' या शब्दाआड लपवावा लागू नये, आणि आपण जे करतो त्यात आधी काय होते हे त्याने विसरूही नये.

भाच्याचा आठवड्याने फोन आला. मालकांना मजकूर फार आवडला होता. 'वासना' या शब्दावर तर ते विशेष खूश होते. अर्थात चुकीच्या अर्थाने. फक्त शेवटचे वाक्य त्यांनी काढले. जागा कमी पडत होती, आणि मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याचा वैधानिक इशारा २०१९ पासून लेबलवर छापावाच लागतो, तेव्हा त्यातच ते येते, असे त्यांचे म्हणणे. भाचा दिलगीर होता. "चार तरी राहिली की मामा," तो म्हणाला.

वैधानिक इशाऱ्यात ते येत नाही, हे त्याला फोनवर समजावून सांगणे आम्हाला जमले नाही. बाटल्या चार वाक्ये घेऊन गेल्या. पाचवे आमच्याकडे उरले, म्हणून ते येथे लिहून ठेवले.